‘३२ बिट फ्लोट’ने सगळे भागत नाही

महोदय,

लघुपट करणाऱ्यांमध्ये सध्या ‘३२ बिट फ्लोट’ रेकॉर्डरचा (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज एकाच फाइलमध्ये न फाटता साठवणाऱ्या ध्वनिमुद्रण यंत्राचा) बोलबाला आहे. लेव्हल (आवाज टिपण्याची पातळी) लावायची गरजच नाही, हा प्रचार मात्र अर्धाच खरा. २०१९ मध्ये आलेल्या झूम एफ-६ सारख्या यंत्रांत हळू आणि मोठ्या आवाजासाठी दोन वेगळे एडीसी (आवाजाच्या विद्युत संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारे भाग) असतात. त्यामुळे किंकाळीवर फाटलेला दिसणारा वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) एडिटिंगमध्ये १५-२० डेसिबलने खाली ओढला की शाबूत निघतो. पण आवाज माइकच्या कॅप्सूलमध्ये (आवाज झेलणाऱ्या भागात) किंवा वायरलेस माइकच्या ट्रान्समीटरमध्येच (नटाच्या अंगावरच्या, आवाज पाठवणाऱ्या डबीत) फाटला, तर रेकॉर्डर तो फाटका आवाजच इमानेइतबारे टिपणार. म्हणून संहितेतली सर्वांत मोठ्या आवाजातली ओळ नटाकडून पूर्ण जोरात म्हणवून घ्यावी आणि ट्रान्समीटरचा गेन (आवाज वाढवण्याचे प्रमाण) त्यावर लावावा.

रिकाम्या खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर तर कोणत्याच बिटने जात नाही. पंखा बंद, भिंतीला गोधड्या, बूम (दांडीवरचा माइक) तोंडापासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या काठाला लागून. (३२ बिटची फाइल नेहमीच्या २४ बिटपेक्षा एक तृतीयांशाने मोठी होते, तेवढे कार्ड जवळ ठेवावे.)

चित्रीकरण मोबाइलवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर असेल तर मोबाइलचा फ्रेम रेट (सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या) बदलता राहतो आणि दहा मिनिटांच्या टेकमध्ये आवाज ओठांपासून सरकू लागतो. कॅमेरा अॅपमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद पक्के करावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने चित्रात ट्यूबलाइटही लुकलुकत नाही. तरीही व्हिडिओ फाइल एडिटिंगच्या टाइमलाइनवर घेण्याआधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्यावी.

– एक ध्वनिमुद्रक, कोल्हापूर