केरे यांच्या शाळेचे छप्पर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील फ्रान्सिस केरे यांच्यावरील लेख मी दोनदा वाचला. २०२२ चा प्रित्झ्कर पुरस्कार, तो मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुरचनाकार, बर्लिनचे कार्यालय, लंडनमधील मंडप, हे सारे त्यात सविस्तर आले. परंतु ज्या इमारतीमुळे जगाचे त्यांच्याकडे लक्ष गेले, ती बुर्किना फासोमधील गांडो या त्यांच्या जन्मगावची प्राथमिक शाळा एका वाक्यात उरकली आणि तिच्या छपराबद्दल चकार शब्द नाही, याचा मला राग आला.

जत तालुक्यातील दोनखोली शाळेत मी अकरा वर्षे शिकवले. जुन्या मातीच्या भिंती आणि माळवद पाडून तेथे सिमेंटच्या भिंती उभारल्या आणि त्यांवर पन्हळी पत्रा थेट टेकवला. एप्रिलमध्ये शाळा सकाळची असली, तरी दहाच्या सुमारास पत्रा तडतडू लागे. पहिलीतली पोरे रुमाल ओले करून डोक्यावर घेत, आणि शेवटी मी वर्ग लिंबाखाली नेत असे. पत्रा उंच करून खाली छत द्यावे, असा अर्ज मी तीनदा केला. अंदाजपत्रकात तशी तरतूद नाही, एवढेच उत्तर आले.

केरे यांनीही पत्राच वापरला. मात्र त्याखाली त्यांनी विटांचे छत दिले आणि पत्रा बारीक सळ्यांच्या सांगाड्यावर उचलून धरला, त्यामुळे तापलेली हवा मधल्या पोकळीतून निघून जाते आणि वर्गात खिडक्यांतून ताजी हवा ओढली जाते. विटा गावच्याच मातीच्या, त्यात थोडे सिमेंट, बांधायला गावकरीच. लहानपणी शंभरावर मुलांच्या कोंदट वर्गात बसलेल्या माणसाला हे सुचले, आणि शाळा २००१ मध्ये पूर्ण झाली तेव्हा त्याचे स्वतःचे शिक्षणही संपले नव्हते. लंडनच्या मंडपाला दिलेला अर्धा स्तंभ या छपराला द्यायला हवा होता.

शिवाय त्यांचे आडनाव मथळ्यात एक आणि मजकुरात दुसरेच छापले आहे, आणि छायाचित्राखाली ओळ नसल्याने ती इमारत कोणती हेही कळत नाही. एवढी निष्काळजी आपल्या पुरवणीत पूर्वी नसे.

माझी विनंती एवढीच की, पुढील अंकात या छपराचा उभा छेद दाखवणारे साधे रेखाचित्र छापावे. आमच्या गावचे दोन्ही गवंडी आपलेच वृत्तपत्र वाचतात.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. जत, जि. सांगली