एकच हाक, पंख की पाय

ठाणे, रविवार रात्र

पक्या,

तीन आठवड्यांनी उत्तर देतोय, शिव्या घालून घे एकदाच. सगळ्या पेशींत डीएनए तोच, मग पंख कुठे नि पाय कुठे हे ठरवतं कोण, हे तू विचारलंस आणि नेमकी तेव्हाच कॉलेजात टीवायच्या पोरांसाठी मी कोंबडीची बारा अंडी इन्क्युबेटरला लावलेली. मधे एका रात्री लाईट गेली ती सकाळीच आली, त्यात चार वाया गेली, जाऊदे. चौथ्या दिवशी एकाच्या कवचाला वरून खिडकी कापली. बलकावर लाल शिरांचं जाळं, मधे धडधडणारा ठिपका, पिल्लू कुशीवर वळलेलं म्हणून आपल्या बाजूचे दोनच फुगवटे दिसतात, पुढचा पंख होणार, मागचा पाय.

आता गंमत ऐक. १९९५ मध्ये लोकांनी एफजीएफ नावाच्या प्रोटीनमध्ये भिजवलेला बारीक मणी या दोन फुगवट्यांच्या मधे, कुशीत ठेवला, तर तिथे चक्क जादा अवयव उगवला! मणी पंखाजवळ असेल तर पंख, पायाजवळ असेल तर पाय. म्हणजे निरोप तोच, उत्तर जागेवर. आमच्या चाळीत खालून "पाणी आलं रे" ओरडलं की कोणी बादली घेऊन पळतं, कोणी मोटर लावतं आणि वरचे काका आंघोळीला घुसतात, तसंच.

ऐकणारा कान म्हणजे रिसेप्टर, पेशीच्या पातळ पटलात आरपार रोवलेला. एफजीएफ येऊन बसलं की दोन रिसेप्टर जोडीने एकमेकांना फॉस्फेट लावतात, मग आत रास, राफ, मेक, अर्क अशी प्रोटीनांची साखळी, एकाने दुसऱ्याला ढोसायचं, आणि शेवटी हा अर्क (नाव शोभतं) केंद्रकात जाऊन जीन चालू-बंद करायला लावतो. एफजीएफ हे एक नाही, घराणंच आहे: फुगवट्यात खालून एफजीएफ १०, वरच्या कडेकडून एफजीएफ ८, दोघं एकमेकांना जागं ठेवतात. ती कड लवकर कापली तर पंख दंडापाशीच थांबतो, उशिरा कापली तर जवळजवळ मनगटापर्यंत होतो, हे १९४८ सालीच दिसलेलं. पोरांना मात्र रास-राफ पाठ करायचं असतं, फुगवटा कोणी बघत नाही, चिडचिड होते माझी.

पुढच्या रविवारी ये, एक नवं अंडं तुझ्यासाठी लावून ठेवतो, मग मामलेदारची मिसळ. घरी ऑम्लेट मागू नकोस फक्त, आई म्हणते आधी भिंगातून बघून दे.

तुझा,
बंड्या