चित्रातल्या ढेरपोट्या गृहस्थांपलीकडचे रुग्ण

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील स्लीप ॲप्नियावरचा, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याच्या आजारावरचा, लेख वाचला. लेखापेक्षा त्यावरचे चित्रच मोठे होते: तोंड उघडे टाकून उताणे झोपलेले एक ढेरपोटे गृहस्थ आणि शेजारी कानांवर उशी दाबून बसलेली त्यांची पत्नी. या विषयावर कोणीही काहीही लिहिले तरी चित्र हेच छापायचे, असा काही नियम आहे की काय, कोण जाणे. हा आजार नवऱ्याला होतो आणि त्याचा त्रास तेवढा बायकोला होतो, हा समज घरोघरी आधीच पक्का आहे. तुमच्या पुरवणीने त्यावर शिक्कामोर्तब केले.

माझे वजन कधीही प्रमाणाबाहेर गेलेले नाही आणि मी खिडक्या हादरतील असे घोरतही नाही. पाळी गेल्यानंतर मात्र मला मध्यरात्री वारंवार जाग येऊ लागली, लघवीसाठी पुन्हा पुन्हा उठावे लागू लागले आणि सकाळी डोके जड असे. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी रक्तदाब मोजला, ‘या वयात असे व्हायचेच’ असे ऐकवले आणि झोपेची गोळी लिहून दिली. तक्रार तशीच राहिली तेव्हा गोळीची मात्रा वाढली आणि ‘तुम्ही फार विचार करता’ या निदानासह मन शांत करणारे आणखी एक औषध सुरू झाले. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो, हे ज्या आजाराचे मूळ आहे, त्यात स्नायू आणखी सैल करणारी आणि श्वास कोंडल्यावर येणारी जाग लांबवणारी औषधे दिल्याने काय होते, हे तुमच्या लेखकमहाशयांनी सविस्तर सांगितले असते तर मी त्यांची ऋणी राहिले असते. त्यांनी मद्य आणि झोपेच्या गोळ्या एकाच अर्ध्या वाक्यात उरकल्या आहेत.

माझा आजार ओळखला तो अखेर दातांच्या डॉक्टरांनी. दाढेच्या दुखण्यासाठी गेले असता त्यांनी माझे झिजलेले दात पाहिले, खालचा जबडा मागे आहे आणि जिभेमागची जागा अरुंद आहे हे हेरले, आणि सकाळी तोंड कोरडे पडते का, डोके दुखते का, असे विचारून स्लीप स्टडी करून घ्यायला सांगितले. डोक्याला तारा, छातीला पट्टा आणि बोटाला चिमटा लावून काढलेल्या त्या रात्रीचा अहवाल आला तेव्हा मी मध्यम गटात होते. किमान १० सेकंद श्वास थांबणे किंवा अगदी उथळ होणे असे प्रकार तासाला ५ ते १५ वेळा घडले तर आजार सौम्य, १५ ते ३० वेळा घडले तर मध्यम आणि त्याहून जास्त वेळा घडले तर तीव्र मानतात. हा साधा हिशेबही लेखात नाही. रात्रीच्या लघवीचा उलगडाही तेव्हाच झाला. मिटलेल्या श्वासमार्गातून हवा ओढण्याच्या धडपडीत हृदयावर ताण येतो, शरीराचा समज होतो की रक्तात पाणी फार झाले आहे, आणि भर मध्यरात्री मूत्रपिंडे कामाला लागतात. मी मात्र तोवर संध्याकाळनंतर पाणी पिणे बंद करून बसले होते, तेही झोपेची गोळी देणाऱ्या त्याच डॉक्टरांच्या सल्ल्याने.

आता उपायांकडे वळते. वजन उतरवा, कुशीवर झोपा, मद्य टाळा, आणि ‘फारच झाले तर’ सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारे) यंत्र लावा, असा लेखाचा क्रम आहे. लठ्ठ रुग्णाने वजन उतरवावे, याविषयी वाद नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने लठ्ठपणा असलेल्या मध्यम आणि तीव्र रुग्णांसाठी टिर्झेपाटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला मान्यता दिली, ही बातमीही मोठीच आहे आणि तिला अख्खा स्तंभ दिलात ते ठीकच. पण माझ्यासारखीने उतरवायचे तरी काय? ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये नाकावाटे दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवता येतो हे दाखवले, त्याआधी तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडावे लागत असे. मध्यम आणि तीव्र आजारात आज जो मुख्य उपचार आहे, तो तुमच्या लेखात ‘फारच झाले तर’ या सदरात आणि एका ओळीत येतो.

खरे तर यंत्र घरी आल्यावरच सगळे सुरू होते. माझ्याकडे आलेल्या विक्रेत्याच्या माणसाने मला खुर्चीत बसवून मास्क चढवला, पट्टे करकचून आवळले आणि पावती देऊन तो निघून गेला. रात्री नाकाच्या वरच्या बाजूने हवा सुटून थेट डोळ्यांत जाई, म्हणून मी पट्टे आणखी आवळी, आणि गळती आणखी वाढे. मास्क आडवे होऊन, यंत्र चालू ठेवून बसवायचा असतो, त्याची मऊ कड हवेने फुगायला जागा लागते आणि नाकपुड्यांपुरता छोटा मास्कही मिळतो, हे मला पुढे झोपविकारतज्ज्ञांच्या मदतनीस बाईंनी सांगितले. दाब हळूहळू वाढवण्याची सोय आणि हवा दमट करणारी पाण्याची टाकी माझ्या यंत्रात पहिल्यापासून होती. ती बंद होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या हृदयरुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात सीपॅपमुळे हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात कमी झालेले दिसले नाहीत, हे लेखकाने आवर्जून सांगितले आहे. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी साडेतीन तासही लावले नव्हते आणि तरीही त्यांची दिवसाची झोपाळू अवस्था कमी झाली होती, हे मात्र गाळले आहे. माणसे यंत्र का काढून ठेवतात, यावर दोन परिच्छेद लिहिले असते तर कपाटावर धूळ खात पडलेली काही यंत्रे तरी खाली उतरली असती.

जाता जाता लेखाशेजारच्या चौकटीबद्दल. ‘घोरणे थांबवण्याच्या सोप्या युक्त्या’ या मथळ्याखाली तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचा सल्ला दिला आहे. ज्याचे नाक चोंदलेले आहे आणि ज्याच्या आजाराचे निदानच झालेले नाही, अशा माणसाने रात्रभर तोंड बंद करून घ्यावे, असे आपले वृत्तपत्र सुचवते आहे का? ही चौकट गडद निळ्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापल्यामुळे बऱ्याच वाचकांना वाचता आली नसेल, एवढाच काय तो दिलासा. याच रंगसंगतीविषयी मी पूर्वीही लिहिले होते. उत्तर आले नाही. हा सल्ला मागे घेत असल्याचे येत्या रविवारी छापावे, आणि तेवढी ओळ तरी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत असावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)