आधी विचार, मग देवाचं नाव काढ

प्रिय पोरी,

आरोग्य उपकेंद्रात रुजू झालीस. आता अंगदुखी, डोकेदुखी, "झोपच येत नाई" म्हणत बाया येतील. त्यांतल्या एखादीच्या घरात कोणी फवारणीचं औषध पिऊन गेलेलं असतं, एखादीच्या डोळ्यांदेखत वावरात वीज पडलेली असते. महिना उलटूनही तेच डोळ्यांपुढे येत असेल, ती त्या धुऱ्याकडे जायचं टाळत असेल, भांडं पडलं तरी दचकत असेल, तर नुसत्या गोळ्या देऊन वाटेला लावू नको.

पहिल्याच भेटीत "काय झालं ते सगळं सांगा" असं खोदून विचारू नको. त्यानं मन हलकं होईलच असं नाही, उलट त्रास वाढू शकतो. झोप, जेवण, घरी सोबत कोण, एवढं विचार. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही सरळ विचार. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. "हो" म्हणाली तर तिला एकटीला सोडू नको. कीटकनाशकाचे डबे त्याच दिवशी घरातून हलवायला लाव आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठव. रात्री-बेरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लिहून दे, तो मोफत आहे.

श्रद्धेबद्दल दोनच प्रश्न पुरतात. कठीण वेळी कोणाचा आधार वाटतो? आणि हे झाल्यापासून तो आधार वाढला की तुटला? दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. नवरा गेल्यापासून देव्हाऱ्याकडे पाठ फिरवलेल्या बाईला "नाव घ्या" म्हणणं म्हणजे तिलाच दोष देणं.

आधार शिल्लक असेल तर तो श्वासाला जोड. पाय जमिनीला टेकलेले, चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, सोडताना तिचं नाम: विठ्ठल, गजानन, अल्लाह, जे तिचं असेल ते. बौद्ध घरात नामाचा आग्रह नको. येणारा-जाणारा श्वास पाहणं, आनापान, तिथं अनेकांच्या ओळखीचं असतं. कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, पोडावर, तर आपण गप्प राहून ऐकावं. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि बरं वाटत असताना. घाबरल्यावर पहिल्यांदा करायला गेलं की जमत नाही. डोळे उघडेच ठेवायला सांग, मिटले की अनेकींना तेच दृश्य दिसतं.

"मागच्या जन्मीचं पाप भोवलं" म्हणाली तर वाद घालू नको, मानही डोलवू नको. "हे कोणी सांगितलं तुम्हाले?" एवढंच विचार. बहुतेकदा सासरचंच कोणी निघतं! ती सामुदायिक प्रार्थनेला जाणारी असेल तर तुकडोजी महाराज तिला काय म्हणाले असते, ते तिलाच सांगू दे.

गंडा-ताईत असू दे. पण भगतानं गोळ्या बंद करायला सांगितल्या तर आड ये. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि लोक चौथ्याच दिवशी सोडतात. चटके, मारहाण झाली तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

भजनी मंडळातल्या बायांशीही बोल, पण तिची परवानगी घेऊन. कपाळ पांढरं झालं म्हणून तिला मागं बसवत असतील, तर तुझं समुपदेशन तिथंच वाया जातं. कपाशीची फवारणी सुरू झाली की त्या वासानं सगळं पुन्हा उसळतं. तेव्हा आणि वर्षश्राद्धाच्या आठवड्यात तिची वाट न पाहता तूच चक्कर मार.

तुझी आई