शाळेत पुरातत्त्व नेणाऱ्या विद्यापीठाला पुरस्कार द्या, पण संशोधनाचा

मा. संपादक,
स. न.

विद्यापीठाची थोरवी शोधनिबंध, पेटंट आणि क्रमवारीवर मोजली जाते. शाळाशाळांत जाऊन मुलांना त्यांच्याच गावाचा इतिहास आणि पुरातत्त्व शिकवणारा विभाग या हिशेबात बसत नाही. फार तर ‘विस्तारकार्य’ या रकान्यात, रक्तदान शिबिर आणि वृक्षारोपणाच्या शेजारी, त्याला एक ओळ मिळते. अशा उपक्रमांचा गौरव व्हावा, हे तर खरेच. पण तो समाजसेवा म्हणून नव्हे, संशोधन म्हणून व्हावा, असे मला वाटते.

केंब्रिज विद्यापीठाने २००५ पासून पूर्व इंग्लंडमधल्या शाळांसाठी चालवलेला उपक्रम पाहा. त्यामागे कॅरेन्झा लुईस या पुरातत्त्वज्ञ बाईंचा पुढाकार होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना विद्यापीठ आपलेसे वाटावे, पुढे शिकावेसे वाटावे, हा मूळ हेतू. मुले नांदत्या गावात, कुणाच्या तरी परसात, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद असा चाचणी खड्डा घेतात. माती दहा-दहा सेंटीमीटरच्या थरांनी काढायची, चाळायची, प्रत्येक थरातली खापरे आणि हाडे वेगळी ठेवायची आणि नोंद तिथल्या तिथे करायची. दोन दिवस खोदकाम, तिसऱ्या दिवशी विद्यापीठात बसून त्यावर लेखन. खड्डा अर्थातच पुन्हा बुजवायचा, नाहीतर पुढच्या वर्षी परस कोण देणार?

एका खड्ड्यातून फारसे काही कळत नाही. पण मुलांनी आणि गावकऱ्यांनी घेतलेल्या अशा दोन हजारांहून अधिक खड्ड्यांची खापरे एकत्र मांडली, तेव्हा चित्र उभे राहिले. ५५ वस्त्यांतला हा पुरावा २०१६ मध्ये ‘अँटिक्विटी’ या पुरातत्त्वाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या आधीची आणि नंतरची खापरे ताडून पाहिली, तर नंतरच्या काळात मातीच्या भांड्यांचा वापर सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेला दिसला. माणसेच उरली नाहीत, तर भांडी फुटणार कुणाची! ओस पडलेली गावे अभ्यासकांना आधीपासून माहीत होती. जी गावे टिकली, त्यांनी काय सोसले याचा इतका विस्तृत पुरावा शाळकरी हातांनी चाळलेल्या मातीतून आला. याला मी विस्तारकार्य म्हणणार नाही.

आपल्याकडे हे जसेच्या तसे उचलू नये, हेही लगेच सांगितले पाहिजे. पुरातत्त्वीय उत्खननाला आपल्या कायद्याने परवानगी लागते आणि ती लागते हे योग्यच आहे. जमिनीत पुरलेल्या धनाविषयीचा निखात निधी अधिनियम १८७८ पासून लागू आहे. जमिनीत मौल्यवान ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हे नियमसुद्धा मुलांच्या शिक्षणाचाच भाग व्हावेत. आधी गुप्तधनाचे वेड डोक्यातून गेले पाहिजे, मग इतिहास शिरेल.

शिवाय महाराष्ट्रात न खणताही वर्षानुवर्षे पुरेल एवढे काम जमिनीच्या वरच पडलेले आहे. देवळाच्या आवारातला, शेंदूर फासलेला वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा स्मारकदगड घ्या. सहसा खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. लढाईच्या जागी गाई कोरलेल्या असतील, तर तो बहुधा गोधन राखताना पडलेला गावकरी. गधेगळ, म्हणजे गाढव आणि स्त्रीचे शिवीवजा चित्र कोरलेला दगड, दिसला की मोठी माणसे नजर वळवतात. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी बहुतेकदा दानाच्या शिलालेखासोबत येते, आणि रायगड जिल्ह्यातल्या आक्षीचा, शके ९३४ चा मराठी लेखही गधेगळावरच आहे. सातवी-आठवीतल्या मुलांना मोजपट्टी, कॅमेरा आणि एक छापील तक्ता द्या. दगडाची उंची, दिशा, चौकटी, अक्षरे, आज त्याचे काय होते आहे, एवढे नोंदवले तरी तालुक्याची सूची तयार होईल. मात्र खडूने अक्षरे गिरवणे, शेंदूर खरवडणे बंद.

हे शिकवायला विद्यापीठच हवे, कारण नोंद चुकली कुठे हे सांगणारा माणूस तिथे असतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने (आज ते अभिमत विद्यापीठ आहे) १९६८ पासून उत्खनन केलेल्या घोड नदीकाठच्या इनामगावात तीन हजार वर्षांपूर्वी लोक सातू पिकवत होते आणि मेलेल्या लेकरांना दोन कुंभांची तोंडे जुळवून घरातल्या जमिनीखाली पुरत होते. हे सगळे जाडजूड इंग्रजी अहवालांत आहे. ते वर्गात उतरवायला, आणि त्यावर मुले विचारतील त्या अडचणीच्या प्रश्नांना तोंड द्यायला, अहवाल पचवलेला माणूसच लागतो.

तेव्हा पुरस्कार जरूर द्यावेत. शाल-श्रीफळाऐवजी पुढच्या दोन-तीन वर्षांच्या प्रवासखर्चाची आणि साहित्याची तरतूद द्यावी, कारण असे उपक्रम बहुतेकदा एका प्राध्यापकाच्या जिवावर चालतात आणि ते निवृत्त झाले की संपतात. मानपत्रावर शाळेतल्या शिक्षकांचे नावही असावे. निवड करणाऱ्यांनी छायाचित्रांचा अल्बम बाजूला ठेवून मुलांनी भरलेले नोंदतक्ते मागवावेत, आणि त्यातली माहिती शाळेकडे व ग्रामपंचायतीकडे परत पोचली की नाही, हेही विचारावे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक