बटाट्याला ‘कोरडी’ जागा नको असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती सल्ल्यांच्या सदरांत बटाट्याबद्दल एक वाक्य हमखास छापून येते : ‘थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावेत.’ यातले पहिले आणि शेवटचे विशेषण बरोबर आहे, मधले चूक आहे. ते वाचून परसबागेतले बटाटे माळ्यावर नाहीतर स्वयंपाकघरातल्या उबदार कपाटात जातात, महिना-दीड महिन्यात सुरकुततात, आणि तळघर नसेल तर हिवाळाभर बटाटे टिकतच नाहीत असा समज पक्का होतो. नीट काढलेले, उशिरा तयार होणाऱ्या जातीचे बटाटे तळघराशिवायही चार-पाच महिने सहज टिकतात. पुढच्या वेळी हे वाक्य छापताना ‘कोरड्या’च्या जागी ‘दमट, पण ओल नसलेल्या’ असे छापावे, एवढ्यासाठी हे पत्र. बाकीचे लिहिणे त्याच्या ओघात आलेले आहे.

बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि काढल्यानंतरही तो जिवंत असतो. श्वास घेतो, थोडी उष्णता सोडतो, सालीतून पाणी गमावत राहतो. भोवतालची हवा जितकी कोरडी, तितके हे पाणी झपाट्याने जाते. त्याला ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. कांद्याला ६५ ते ७० टक्के पुरते, त्याहून जास्त झाली की तो मोडावर येतो किंवा कुजतो. कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत असे म्हणतात त्याचे मुख्य कारण हेच.

मात्र दमट हवा वेगळी आणि ओला बटाटा वेगळा. सालीवर पाण्याचा पातळ थर बसला की तिच्यावरची बारीक छिद्रे बुजतात, आत प्राणवायू पोचत नाही आणि ओल्या सडीच्या जिवाणूंना दार उघडे मिळते. प्लास्टिकच्या पिशवीत बटाटे सडतात ते यामुळे. धुऊन ठेवलेले बटाटेही याच वाटेने जातात. माती वाळू द्यावी, हाताने झटकावी, बस्स.

तापमान ४ ते ७ अंश सेल्सिअस असावे. ४ च्या खाली बटाटा मरत नाही, पण त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. असा बटाटा उकडून गोडसर लागतो, तळला तर आत शिजायच्या आधी बाहेरून काळपट होतो आणि त्यात ॲक्रिलामाइड हे अपायकारक रसायनही जास्त तयार होते. शून्याखाली साधारण एक अंशावर तो गोठतो, आणि गोठलेला बटाटा वितळला की पाणी सुटून लगदा होतो. वरच्या बाजूला १० अंश ओलांडले की सुप्तावस्था, म्हणजे काढणीनंतर कोंब न फुटण्याचा काळ, संपताच कोंब धावू लागतात. ही सुप्तावस्था जातीप्रमाणे साधारण दोन-तीन महिन्यांची असते. म्हणून लवकर येणाऱ्या, पातळ सालीच्या जाती साठवणीत घेऊच नयेत; त्या आधी खाऊन संपवाव्यात.

साठवणीची निम्मी लढाई काढणीतच जिंकली किंवा हरली जाते. पाला वाळल्यावर, किंवा तो कापून टाकल्यावर, दोन आठवडे बटाटे जमिनीतच राहू द्यावेत. या काळात साल पक्की होते. एक बटाटा उकरून अंगठ्याने जोरात घासावा. साल सरकली तर अजून थांबावे. जमीन गोठायची चिन्हे दिसत असतील तर मात्र थांबू नये. माती ८ अंशांहून थंड असताना काढलेल्या बटाट्यांना फार लवकर मार लागतो, आणि आतला काळा डाग कापेपर्यंत दिसत नाही. त्यामुळे दुपारी काढावेत आणि बादलीत फेकू नयेत, ठेवावेत. तास-दोन तास वाऱ्यावर वरची ओल उडाली की लगेच आडोशाला न्यावेत, उन्हात पडू देऊ नयेत.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. बटाटे थेट थंडीत न नेता १० ते १५ अंशांत, अंधारात आणि दमट हवेत दहा-चौदा दिवस ठेवावे लागतात. एक-दोन थरांत पसरून वर तागाचे पोते टाकले तरी पुरे. या दिवसांत ओरखड्यांवर बुचासारखा थर धरतो आणि जखमा बंद होतात. १० च्या खाली हे काम रेंगाळते, २० च्या वर जखमा भरण्याआधी सड पुढे जाते. मग निवड करावी. फावड्याने कापलेले, नरम, हिरवे आणि डागाळलेले बाजूला. त्यातले कापलेले लगेच वापरता येतात. तांबूस-तपकिरी डाग सालीखाली आत पसरलेला दिसला तर तो करपा रोगाचा बटाटा. तो साठवणीत एकही जाता कामा नये.

आता जागा. अंदाजाने न निवडता किमान-कमाल तापमापक आठवडाभर ठेवून पाहावी, जमिनीलगत एकदा आणि कमरेच्या उंचीवर एकदा. गरम न केलेली खोली, जिन्याखालची पोकळी, गॅरेज, बंदिस्त ओसरी यांपैकी काहीतरी बहुतेक घरांत असते. गॅरेजमध्ये बाहेरच्या भिंतीला बटाट्यांची पेटी लावू नये. घराशी सामाईक असलेल्या भिंतीला लावावी, तिथे रात्रीची घसरण कमी असते.

जिथे पारा अधूनमधून शून्याखाली जातो तिथे उष्णतारोधक पेटी लागते. बटाटे रचले की एक घनमीटरमध्ये साधारण ६५० किलो मावतात. त्या हिशेबाने ५० किलोंसाठी आतून, थर्मोकोल आणि तळाची जाळी वगळून, ६० × ४५ × ३० सेंटिमीटरची, म्हणजे ८१ लिटरची प्लायवुडची पेटी पुरते. आत पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या असतील तर ती दहा सेंटिमीटरने लांब करावी. तळ आणि झाकण धरून सहाही बाजूंना ५ सेंटिमीटर जाडीचा थर्मोकोल लावावा. झाकण विसरले तर बाकीच्या पाच बाजूंचा खर्च वाया जातो. तळापासून ३ सेंटिमीटरवर पट्ट्यांची जाळी बसवावी. हवेसाठी अडीच सेंटिमीटरची दोन भोके : एक खाली, दुसरे समोरच्या बाजूला वर. दोन्हींवर ६ मिलिमीटरची तारेची जाळी लावावी, कारण त्याहून मोठ्या फटीतून उंदराचे पिल्लू शिरते. भोकांना बाहेरून पाइपचा कोपरा लावला की उजेड आत येत नाही.

अशी पेटी बटाट्यांच्या ‘स्वतःच्या गरमीने’ उबदार राहते असे ऐकायला मिळते. हिशेब करून पाहावा. ५ अंशांवर ५० किलो बटाटे जेमतेम एक वॅटच्या आसपास उष्णता सोडतात आणि वरच्या मापाची पेटी आतबाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे जवळपास तेवढीच गमावते. म्हणजे आत-बाहेर फरक पडला तर एक अंशाचा! पेटी ऊब तयार करत नाही, चढउतार मंदावते. तिचे हे काम मात्र चोख असते. आत ५ आणि बाहेर उणे ५ अंश असताना दहा तासांच्या रात्रीत ती दोनेक अंशांनीच उतरते. सकाळी बाहेर पारा वर चढणार असेल तर एवढे पुरते. थंडी तीन-चार दिवस मुक्काम ठोकणार असेल तर पुरत नाही.

त्यासाठी दोन उपाय आहेत. विजेचा : रोपांखाली घालतात तसली १५-२० वॅटची गरम चटई तळाच्या पट्ट्यांखाली घालून तिला ५ अंशांवर लावलेला थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज चालू-बंद करणारे यंत्र) जोडावा. त्याचा संवेदक बटाट्यांच्या मधोमध हवा, चटईजवळ नको. चटईऐवजी दिवा वापरायचा तर पत्र्याच्या डब्यात पूर्ण झाकून, कारण उजेडाने बटाटे हिरवे होतात. आणि तो डबा थर्मोकोलला टेकता कामा नये. बिनविजेचा : दोन लिटरच्या दोन बाटल्या तीन चतुर्थांश भरून आत ठेवाव्यात. पाणी शून्यावर गोठताना लिटरमागे ३३४ किलोज्यूल उष्णता सोडते. दोन बाटल्यांतले तीन लिटर पाणी बाहेर उणे ५ असताना पेटीला शून्याजवळ सुमारे दोन दिवस रोखून धरते, आणि बटाट्याचा गोठणबिंदू त्याहून किंचित खाली असल्याने तो वाचतो. गोडसर होईल, पण वाचेल.

कडक रात्री भोकांत चिंधी कोंबायला हरकत नाही, पण ती तिथेच विसरू नये. हवा कोंडली की बटाट्याचा गाभा आतून काळा पडतो, वरून काही कळत नाही. बंद पडलेला फ्रीज आडवा टाकून वापरतात, त्याचाही दोष हाच : तो हवाबंद असतो. भोके पाडल्याशिवाय आणि दाराची खिट्टी काढून टाकल्याशिवाय तो वापरू नये. लहान मूल आत अडकू शकते.

बटाटे पेटीत नेताना एकदम १५ वरून ५ अंशांवर आणले तर त्यांना घाम फुटतो. दिवसाला अर्धा-एक अंश उतरवत न्यावेत. पहिले दहा-बारा दिवस झाकण थोडे उघडे ठेवले की हे आपोआप साधते. रास ३० सेंटिमीटरहून उंच नको. सर्वांत वर वर्तमानपत्राचे चार-पाच चुरगळलेले थर किंवा जाड पोते घालावे. झाकणाच्या आतल्या बाजूला दव धरते, ते थेंब बटाट्यांऐवजी कागदावर पडतात. कागद ओला लागला की बदलावा. दर खेपेला ओला मिळाला तर हवा कमी पडते आहे.

उघड्यावर पेंढा आणि माती टाकून आरण लावण्याचा मार्गही आहे. उंचवट्यावर २० सेंटिमीटर पेंढा, त्यावर मीटरभर रुंद रास, पुन्हा २० सेंटिमीटर पेंढा, भोवती पाणी काढायला चर, माथ्यावर हवेसाठी पेंढ्याची जुडी. माती लगेच चढवू नये. राशीतली गरमी निघायला आठवडा द्यावा, मग १५ सेंटिमीटर. पण दोन-तीन क्विंटलांहून कमी बटाट्यांसाठी हा खटाटोप करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. लहान राशीत थंडी गाभ्यापर्यंत पोचते आणि उंदीर त्याहून आधी.

सफरचंदाबद्दल दोन उलटे सल्ले फिरतात. एक म्हणतो त्याने कोंब येतात, दुसरा म्हणतो थांबतात. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू मोजून, अखंड दिला तर कोंबांची वाढ खुंटवतो. मोठ्या गोदामांत तो वापरतातही. पण त्याने साखरही वाढते, आणि घरच्या पेटीत मोजमाप कुठले? सफरचंदे दूर ठेवावीत.

दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून आधी वास घ्यावा. सडका बटाटा डोळ्यांआधी नाकाला कळतो. ओली सड दिसली तर तो बटाटा आणि त्याला लागून भिजलेले सगळे काढावेत. खोलगट, वळ्या पडलेला, पांढुरक्या बुरशीचा डाग म्हणजे कोरडी सड. ती काढणीतल्या जखमेतून आलेली असते आणि एकट्या बटाट्यापुरतीच राहते. प्रत्येक वेळी पेटी पालथी करून पाहण्याची हौस टाळावी, त्यातून नवे मार बसतात. सेंटिमीटरभराचे कोंब खुडून टाकावेत. बटाटा टणक असेल तर खाण्याजोगा आहे. हिरवा आणि कडू मात्र फेकावा, कारण त्यातले सोलानिन हे विषारी द्रव्य शिजवून जात नाही. हिरवे बटाटे बियाणे म्हणून चालतात, फक्त रोगट नसावेत.

थंडीत गोडसर झालेले बटाटे तळायचे असतील तर आधी दोन-तीन आठवडे १५ ते २० अंशांत, अंधारात ठेवावेत. बरीचशी साखर परत स्टार्च होते. लागतील तेवढेच काढावेत, कारण एकदा उबेला आलेले बटाटे परत पेटीत टाकले तर त्यांना घाम फुटतो आणि कोंबही लवकर येतात.

आपले,
परसबागेत बटाटे लावणारे काही वाचक