चेहऱ्याची लाली कमी करायच्या गोळीत निकोटिनिक अ‍ॅसिड कशासाठी?

प्रति,
कस्टमर केअर आणि प्रॉडक्ट टीम

विषय: रोझेशियासाठी (चेहरा वारंवार लाल होणारा त्वचेचा आजार) म्हणून विकलेल्या सप्लिमेंटबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमच्या साइटवरून व्हिटॅमिन-मिनरलच्या गोळ्या मागवल्या होत्या, बिल जोडलंय. डबीवर समोरच मोठ्या अक्षरात "रोझेशियाची लाली आतून कमी करा" असं छापलंय आणि माझं झालं नेमकं उलटं. नाश्त्यानंतर गोळी घेतली, अर्ध्या तासाच्या आत कानाच्या पाळ्या तापल्या, मग गाल, मान, पार छातीपर्यंत आग आग, डोक्यात सुया टोचल्यासारखं व्हायला लागलं, तासभर पंख्याखालून उठता आलं नाही. परत घेतली तेव्हाही तेच. माझा रंग सावळा, लाली पटकन दिसत नाही, त्यामुळे कित्येक वर्षं सगळे पिंपल्सच समजत होते, आत्ता कुठे स्किनच्या डॉक्टरांनी रोझेशियाचं निदान केलं आणि मेट्रोनिडाझोल जेलने जरा बरं वाटायला लागलं होतं तर तुमच्या गोळीने सगळं पुन्हा भडकलं.

लेबलवर नुसतं "व्हिटॅमिन बी३, ५० मिग्रॅ". कुठलं बी३ ते नाही. चॅटवर खोदून खोदून विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, निकोटिनिक अ‍ॅसिड. अहो, त्यानेच तर त्वचेत प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन सुटतं, रक्तवाहिन्या फुलतात आणि चेहरा लाल होतो! अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी सप्लिमेंटमधल्या नायसिनची, म्हणजे बी३ची, वरची मर्यादा रोज ३५ मिग्रॅ ठेवलीय ती याच फ्लशिंगमुळे, म्हणजे अशी लाली आणि आग होते म्हणून. नायसिनामाइड हेही बी३च, पण त्याने असा फ्लश येत नाही. ज्यांचा चेहरा उन्हाने, गरम चहाने, ठेच्याच्या एका घासाने पेटतो त्यांच्यासाठी गोळी बनवताना हे कोणीच बघितलं नाही का?

गोळीतल्या झिंकचंही तेच. "क्लिनिकली प्रूव्हन" लिहून मोकळे झालात. रोझेशियात झिंक सल्फेटचा फायदा दिसलेली एक ट्रायल २००६ ची आहे, पण २०१२ मध्ये २२० मिग्रॅ दिवसातून दोनदा देऊन बघितलं तर प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नुसत्या गोळीपेक्षा) काही जास्त फरक पडला नाही. हे दोन्ही सांगा ना मग. आणि जास्त झिंक महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, त्याबद्दल डबीवर एक अक्षर नाही, उलट "कितीही काळ सेफ".

मागच्या बाजूला भिंगातून वाचावं लागेल अशा अक्षरात "औषधी वापरासाठी नाही" आहे. तो इशारा नियमाने छापावाच लागतो, पण मग पुढे आजाराचं नाव कसं चालतं? सप्लिमेंटने आजार बरा होतो असा दावा करायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत मनाई आहे. रोझेशियाने वैतागलेला माणूस काहीही करून बघायला तयार असतो, पार्लरवाल्या ताईपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांचं ऐकून झालेलं असतं, अशा माणसाला हे विकणं मला अजिबात पटत नाही.

मला पूर्ण रिफंड हवाय. लेबलवर बी३चा प्रकार स्पष्ट लिहा, रोझेशिया हा शब्द डबीवरून आणि साइटवरून काढा आणि ज्यांनी ज्यांनी ही डबी घेतलीय त्यांना निकोटिनिक अ‍ॅसिडबद्दल ईमेल करा. उत्तर फोनवर नको, लेखी द्या. पंधरा दिवसांत आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि एफएसएसएआयकडे तक्रार करणार आहे.

डबीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट सोबत आहेत.

तुमची एक ग्राहक,
नाशिक